बापाच्या बंदुकीची नळी

बेयशेनच्या मते उच-अर्चा गावात माणूस म्हणावा असा एकच होता, आणि तो रोज सकाळी मिशा कातरताना त्याला आरशात दिसायचा. बाकीच्यांची त्याच्या लेखी किंमत शून्य. मेंढपाळ होते ते झोपाळू, शाळेतला मास्तर बडबड्या, मुल्लाला जेवणापलीकडे काही सुचत नसे, आणि सोरोन दुकानदार... सोरोनचं नाव निघालं की बेयशेन थुंकायचा. घरात असला तर उठून, दार उघडून, बाहेर थुंकून परत यायचा. बायको सालिका म्हणायची, "अहो, दार तरी लावा, थंडी आत येते."

सोरोनचा गुन्हा असा की त्याने शहरातून दुर्बीण लावलेली महागडी रायफल आणली होती आणि ती दुकानात बिस्किटांच्या फळीवर टांगून ठेवली होती. चार वर्षांत त्याने तिच्यातून एक गोळी उडवली नव्हती. धूळ मात्र रोज पुसायचा. पुलाजवळच दुकान असल्याने डोंगरातून उतरणारा प्रत्येक जण त्याच्या दारावरून जायचा आणि सोरोन प्रत्येकाला थांबवून शिकारीवर चार शब्द ऐकवायचा. हे बेयशेनला सहन होत नसे. शिकारीवर बोलायचा अधिकार या खोऱ्यात फक्त आपल्याला आहे, असं तो धरून चालला होता. मेर्गेन म्हणून, म्हणजे निशाणाचा पक्का शिकारी म्हणून, लोक त्याला हाक मारत, आणि ती हाक कानावर पडली की त्याची मान आपोआप ताठ व्हायची.

या ताठ मानेला आधार होता बापाच्या बंदुकीचा. जुनी लष्करी रायफल, त्र्याहत्तर सेंटिमीटरची नळी, लाकडी दस्त्यावर बापाच्या गालाने पडलेला गुळगुळीत डाग. बाप सारिकुल तिला मार्मोटच्या, म्हणजे बिळात राहणाऱ्या डोंगरी घुशीच्या, चरबीने चोळायचा, बेयशेनही तसंच चोळायचा. तिच्यापुढे लाकडाचे दोन पाय बांधलेले होते, जमिनीवर रोवून नेम धरायला. उभी केली की ती सालिकाच्या खांद्याच्या वर जायची. तिच्याबद्दल बेयशेनचं म्हणणं साधं होतं आणि ते त्याने आयुष्यात काही हजार वेळा सांगितलं असेल: गोळीला नळीत जेवढी लांब धाव मिळते तेवढा दारूचा धूर तिला मागून ढकलतो, तेवढा तिचा वेग वाढतो. आखूड नळीतून गोळी बाहेर पडते ती अर्धवट जेवून उठलेल्या माणसासारखी.

आणि मग त्याच्या नशिबी एल्चिबेक आला.

एल्चिबेक हा जावई. जीपार, बेयशेनची एकुलती एक मुलगी, याच्या प्रेमात पडली हेच बेयशेनला पटलं नव्हतं, कारण मुलगा सरोवराकाठचा, म्हणजे मासे खाणाऱ्यांतला. त्यात तो दुधाची गाडी चालवायचा. त्यात तो उगाच हसायचा. हे सगळं गिळून बेयशेन बसला होता, तोच जावयाने जुनी रायफल विकत घेतली, अगदी बेयशेनच्या बंदुकीची बहीण म्हणावी अशी, फक्त तोंडाकडे गंजलेली. ती त्याने नारिन शहरातल्या वर्कशॉपमध्ये नेली, एकावन्न सेंटिमीटरवर कापली, लेथवर तोंड सरळ करून घेतलं आणि हसत हसत सासऱ्याला दाखवायला आणली.

बेयशेनने ती हातात घेतलीसुद्धा नाही. "हे काय आहे?"

"रायफल, बाबा."

"रायफल होती. तू तिचा खच्ची बोकड केलास."

"गंजलेला भागच गेला. आणि आता बघा, घोड्यावर पाठीला लावली की कुठे अडकत नाही. हलकी पण झाली."

"हलकी! मग लाटणं घेऊन जा की, ते त्याहून हलकं. वेग किती राहिला हिचा?"

एल्चिबेकच्या एका मित्राकडे वेग मोजायचं यंत्र होतं, आणि या पोराने खरंच मोजून आणलं होतं. "आठशे अठरा मीटर सेकंदाला. तुमच्या बंदुकीचा असेल आठशे साठ-पासष्ट."

"म्हणजे पंचेचाळीस मीटर तू कापून खाल्लेस."

"खाल्ले, पण तीनशे मीटरवर गोळी दोन-तीन बोटं जास्त खाली येते, एवढंच. तेवढा नेम वर धरायचा. बाकी आवाज वाढला, ते खरं. तोंडाशी जाळ पण दिसतो."

"जाळ दिसतो! रानबोकड मरायचा नाही, पण शेकून निघेल बिचारा," बेयशेन म्हणाला. तिकडून जीपार कणीक मळता मळता ओरडली, "दोघांच्या नळ्या इकडे द्या, मला बोरसोक लाटायचेत!" जावई हसला. हसणारच. बेयशेनला वाटलं, या माणसाला अपमानसुद्धा धड करून घेता येत नाही.

गोष्ट इथे थांबली असती. पण जीपारच्या मुलाला पाळण्यात घालायचं जेवण निघालं, गाव जमलं, आणि सगळ्यांत वडील, म्हणजे अक्साकाल, म्हणून मेंढ्याचं डोकं बेयशेनच्या पुढ्यात आलं. तो सुरीने कान कापून लहानांना वाटत होता. मास्तर शेजारी. मुल्ला समोर, तोंड भरलेलं. सोरोन दाराजवळ. कुणीतरी एल्चिबेकला त्याच्या नव्या आखूड बंदुकीबद्दल विचारलं, आणि दोन मेंढपाळ चक्क म्हणाले की कल्पना वाईट नाही, आपणही आपल्या कापून घेऊ.

बेयशेनने सुरी वर केली. "ऐका! या नळकांड्याने याने या हिवाळ्यात एक जरी रानबोकड पाडला, तर माझ्या बापाच्या बंदुकीची नळी मी याच्याच करवतीने कापून घेईन. तुमच्या सगळ्यांच्या देखत! आणि आधी माझ्या बंदुकीने पडला, तर याने ते नळकांडं नदीत फेकायचं. शब्द म्हणजे शब्द!"

"बरोबर, बरोबर," मास्तर म्हणाला. सोरोनने विचारलं, "मीठ कुणाकडे आहे?" कुणीतरी मीठ पुढे केलं.

बेयशेन घरी आला तो छाती फुगवून. पण अंथरुणावर पडल्यावर त्याला बापाचा हात दिसला, नळीवर चरबी चोळणारा. ती नळी म्हणजे त्याच्या घरात जे काही मोठं होतं ते सगळं होतं. मुलगा नव्हता, मेंढ्या फार नव्हत्या. ती कापली गेली तर उरला काय, एक तिरसट म्हातारा. पण तसं होणार नव्हतं. दुधाच्या गाडीवाल्याने रानबोकड मारायचा म्हणजे काय!

शिकार संघटनेचे दोन परवाने आले आणि नोव्हेंबरच्या कोरड्या थंडीत सासरा-जावई घोड्यांवर बसून डोंगरात निघाले. बेयशेन पुढे, एल्चिबेक मागे. वाट अर्चाच्या झुडपांतून वर चढत होती. बेयशेनच्या पाठीवरची लांब नळी त्याच्या टोपीच्या वर हातभर उभी होती, आणि दर वळणावर ती एखाद्या फांदीत अडकून फांदीवरचा सगळा बर्फ त्याच्या मानेत ओतत होती. तो दर वेळी झुडपाला शिव्या घालायचा. झुडपाच्या आईपासून सुरुवात करून तो त्याच्या मुळांपर्यंत पोचला, तरी जावई मागे गप्प होता. त्या गप्प बसण्याचाही बेयशेनला राग आला. हसत असणार मनात.

"तिरकी लावून बघा, बाबा," शेवटी एल्चिबेक म्हणाला.

"तू मला बंदूक पाठीला लावायला शिकवणार?"

"नाही, बर्फ जातोय मानेत म्हणून म्हटलं."

"जाऊ दे. माझी मान आहे."

जागा बेयशेननेच निवडली, आणि नीट विचार करून निवडली. खोल घळीच्या कडेला दोन खडकांमध्ये एक फट होती, तिथून समोरच्या कड्यावरची लांब कपार दिसायची. सकाळी खाली चरून रानबोकड त्या कपारीवरून वर चढतात, हे त्याला बापाने दाखवलं होतं. अंतर चारशे पावलं. लांब नळीचं काम. त्याने फटीत पालथं पडून लाकडी पाय रोवले, नळी फटीतून बाहेर काढली, दस्ता गालाला लावला आणि समाधानाने म्हणाला, "आता बस तू मागे. तुझ्या त्या चमच्याने इथून काही होणार नाही. खडकाला गुदगुल्या होतील फार तर."

एल्चिबेक उजव्या बाजूच्या दगडाला टेकून बसला. बंदूक मांडीवर ठेवली आणि खिशातून वाळलेल्या दह्याचे गोळे काढून चघळू लागला. त्याचा कटकट आवाज ऐकून बेयशेनचे दात आंबले. असा शिकारी! शिकारीला येऊन चघळतोय!

ऊन वर आलं. समोरची कपार रिकामीच. एक गिधाड दोनदा फिरून गेलं. बेयशेनच्या कोपरात कळ येऊ लागली, पण नेम त्याने सोडला नाही, कारण मागे तो चघळणारा बसला होता.

मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. समोरून नाही. उजवीकडून, अगदी जवळून.

बेयशेनने मान वळवली. रानबोकड त्यांच्याच बाजूने वर येत होता. दाढीवाला, शिंगं मागे थेट पाठीपर्यंत गेलेली, आणि अंतर जेमतेम तीस पावलं. त्याने बापाने दाखवलेल्या कपारीला अजिबात किंमत दिली नव्हती. बेयशेनने बंदूक वळवायला घेतली आणि नळी फटीच्या कडेला आपटली. टण्ण असा आवाज झाला. मागे ओढली तर पाय दगडात अडकले. पाय सोडवावेत तर दस्ता खांद्याखाली दबलेला. त्र्याहत्तर सेंटिमीटर लोखंड, आणि त्यातलं निम्मं त्या फटीत असं बसलं होतं जसं काही तिथेच जन्माला आलं. रानबोकडाने मान उचलून सरळ बेयशेनकडे पाहिलं.

एल्चिबेक बसल्या जागी कमरेत वळला आणि त्याने गोळी झाडली.

आवाज एवढा मोठा झाला की घळीतून तो तीनदा परत आला. रानबोकड गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला आणि हलला नाही. खाली बांधलेले घोडे खिंकाळले.

"कान फुटले माझे!" बेयशेन ओरडला.

"जवळ होता, बाबा, म्हणून मारला. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता."

"चारशे पावलांवर असता तर? काय केलं असतंस?"

"चारशे पावलांवर नव्हता ना."

"हा दगड चुकीच्या ठिकाणी आहे," बेयशेन म्हणाला आणि फटीतून बंदूक सोडवू लागला. जावयाने मदतीला हात पुढे केला तो त्याने झटकला. नळीच्या तोंडाशी एक पांढरा ओरखडा पडला होता. त्यावर त्याने अंगठा फिरवला. त्याला खरोखर रडू येत होतं, आणि ते त्या ओरखड्याचं नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. नळी गेली. जीभ गावासमोर लांब केली होती, ती आता नळीवर आली.

एल्चिबेकने जनावर साफ केलं, हात बर्फात धुतले. खोगिराशी बांधायची वेळ आली तेव्हा तो दोर हातात घेऊन घुटमळला.

"बाबा, शिरालगा म्हणा ना."

बेयशेनने वळून पाहिलं. शिकार केलेल्याला जो भेटेल त्याने 'शिरालगा' म्हणावं आणि शिकाऱ्याने त्याला वाटा द्यावा, अशी चाल. मन मोठं असेल तर शिकारी अख्खं जनावर देतो, नाही म्हणणारा मात्र कुठल्याच घरात तोंड दाखवू शकत नाही. बेयशेनने जन्मभर ते इतरांकडून ऐकलं होतं. स्वतः कुणापुढे म्हटलं नव्हतं.

"कशाला?"

"म्हणजे हा तुमचा होईल. तुमच्या खोगिरावर बांधतो. गावात मी काही बोलणार नाही. कुणी विचारलंच तर सांगेन, बाबांचा आहे. खोटं पण होणार नाही ते."

बेयशेनच्या कानशिलांत रक्त चढलं. दया! हा मासेखाऊ आपल्यावर दया करतोय! मोठेपणा मिरवतोय डोंगरात, जिथे बघायला कुणी नाही! याच्या तोंडावर दोर फेकावा आणि एकट्याने खाली जावं. त्याने बंदुकीकडे पाहिलं. ओरखड्याच्या मागे त्र्याहत्तर सेंटिमीटर नळी, बापाच्या हाताने चोळलेली.

"शिरालगा," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"ऐकलंस ना! बांध आता!"

उतरताना आधी त्याला लाज वाटत होती. पण वाट लांब होती आणि बेयशेनला लाज फार काळ वाटायची सवय नव्हती. पहिल्या वळणावर त्याने ठरवलं की कुणी विचारलं तर नुसती मान हलवायची. अर्चाच्या झुडपांत शिरेपर्यंत त्याच्या मनात रानबोकड समोरच्या कपारीवर जाऊन उभा राहिला होता. ओढा ओलांडेपर्यंत वारा सुटला होता, अंतर साडेचारशे पावलं झालं होतं, आणि बेयशेनने श्वास रोखून वाऱ्याचा अंदाज घेतला होता. पूल दिसू लागला तेव्हा तर त्याला जावयाचीच कीव येत होती. बिचारा, नदीत फेकावं लागणार आता नळकांडं.

दुकानासमोर सोरोन सपाता घालून उभा होता, हातात चहाची वाटी. सोबत मास्तर आणि एक मेंढपाळ, नेहमीसारखे बिनकामाचे. सोरोनने खोगिरावरची शिंगं पाहिली आणि वाटी मास्तरच्या हातात देऊन धावत आला.

"शिरालगा, मेर्गेन! शिरालगा! वा, काय शिंगं आहेत! अक्साकाल, कितीवरून मारलात?"

"लांबून," बेयशेन म्हणाला.

"लांबूनच! लांब नळीचं काम आहे ते! मी तर येईल त्याला सांगतो, बंदूक असावी तर बेयशेन अक्साकालांसारखी. आखूड बंदुकीत काय अर्थ आहे?" सोरोन हसून एल्चिबेककडे वळला. "रागावू नकोस हं, भाऊ."

"नाही रागावत," एल्चिबेक म्हणाला आणि घोड्याच्या मानेवरचा बर्फ झाडत राहिला.

झालं होतं. बेयशेनला हवं ते सगळं पुलावर आयतं समोर आलं होतं. जावई गप्प, मास्तर साक्षीला, लांब नळीचं कौतुक भर दिवसा. आता एक तंगडी कापून सोरोनच्या हातात द्यायची आणि पुढे जायचं. त्याने सुरीकडे हात नेलाही.

तेवढ्यात सोरोनने रानबोकडाच्या शिंगावर हात ठेवला. पांढरा, मऊ हात, नखांत बिस्किटाचा चुरा. त्याने शिंगावरून बोट फिरवलं, दुकानातल्या बंदुकीवरची धूळ पुसायचा तसं. "शिंगं मला द्या, अक्साकाल. दारावर लावतो, खाली तुमचं नाव लिहितो. आपण शिकारी माणसंच एकमेकांची कदर करणार, नाही का?"

आपण शिकारी माणसं.

बेयशेनच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. हा! हा आणि आपण! आपल्याकडून वाटा घेणार, आपल्या शिंगांखाली बसून बिस्किटं विकणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आपली गोष्ट आपल्यापेक्षा तिखटमीठ लावून सांगणार!

"हात काढ," तो म्हणाला.

"अं?"

"हात काढ त्याच्यावरून! तुला काही मिळणार नाही माझ्याकडून. शिरालगा शिकाऱ्याकडे मागतात. याला मी मारलेलं नाही. जावयाने मारला. त्या नळकांड्याने, तीस पावलांवरून. माग त्याच्याकडे!"

खरेपणाचा याच्याशी काही संबंध नव्हता. सोरोनला तंगडी द्यायची नाही, एवढ्यासाठी बेयशेनने बापाची नळी विकली होती, आणि शब्द तोंडातून निघून पुलावर पडल्यावर त्याला ते कळलं. तरी एक समाधान होतं. सोरोनचं तोंड उघडं राहिलं होतं. आता जावई त्याच्या हातावर फार तर एक बरगडी टेकवेल.

एल्चिबेकने त्याच्याकडे पाहिलं. "बाबा, नक्की? तुम्हाला दिला होता मी."

"माझा नाही!"

"बरं." एल्चिबेक खाली उतरला आणि दोर सोडू लागला. "मग घ्या, सोरोन भाऊ. अख्खाच घ्या. तुमच्या घरी जागा मोठी आहे, संध्याकाळी सगळ्यांना बोलवा. आमच्या घरी पोरगं झोपत नाही."

"जुगजुग जग, भाऊ!" सोरोन म्हणाला. मेंढपाळ शिंगं धरून मदतीला आला. मास्तर दोन्ही हातांत वाट्या घेऊन उभा होता, म्हणून त्याने तोंडानेच सूचना दिल्या. बेयशेनच्या खोगिरावर फक्त रक्ताचा डाग उरला.

घरी येऊन त्याने सालिकाला काही सांगितलं नाही. शेडमधून लोखंड कापायची करवत काढली. जावयाची नव्हे, स्वतःची. तेवढा मान तरी राखायचा. चांगली पांढरी टोपी घातली, बंदूक चरबीने शेवटची चोळली, आणि अंगणात ओंडक्यावर बसला. आता येतील. सगळे येतील, सोरोन सगळ्यांत पुढे, दात काढत. आले की कुणी तोंड उघडायच्या आत आपण उभं राहायचं. "बेयशेनने शब्द दिला होता," असं म्हणायचं, "तुमच्यासारखा तो फिरवणारा नाही." आणि एका दमात कापायची. बघू दे त्यांना, नळी कापली तरी माणूस केवढा आहे ते. वाक्य त्याने दोन-तीनदा मनात घोळवलं. चांगलं होतं वाक्य.

रस्त्यावरून माणसं जात होती. पुलाकडे. मुल्ला गेला, भराभरा. दोन बाया हसत गेल्या. कुणी फाटकाशी थांबलं नाही.

सालिका शाल घेऊन बाहेर आली. "चला, सोरोनकडे बोलावलंय."

"माहीत आहे मला कशाला बोलावलंय."

"कशाला म्हणजे? जेवायला. आणि ही करवत कशाला घेतलीत?"

"तुला कळणार नाही," बेयशेन म्हणाला. बरोबर आहे. तिथेच व्हायचं ते, सोरोनच्या घरात, म्हणजे अपमान पूर्ण होईल. तो बंदूक आणि करवत घेऊन बायकोच्या पुढे चालू लागला.

सोरोनच्या घरात गाव मावत नव्हतं. कढईत काळीज आणि बटाटे तळले जात होते, पोरं पायांतून पळत होती, मेंढपाळ पेट्रोलच्या भावावर भांडत होते. बेयशेन दारात उभा राहिला. करवत वर धरली.

"घ्या! मी आलोय. आणलीय कापायला!"

दारापाशी बसलेले चार जण गप्प झाले. बाकीचे बोलतच होते.

"काय कापायला, अक्साकाल?" मास्तरने विचारलं. "मांस कापून झालं."

"नळी! माझ्या बापाच्या बंदुकीची नळी! शब्द दिला होता मी. पाळण्याच्या जेवणात, सगळ्यांसमोर!"

मास्तरने कपाळाला आठ्या घातल्या. "मी होतो का तिथे?"

"माझ्या शेजारी होतास! मी कापलेला कान खाल्लास!"

"हां, तो कान आठवतोय. चांगला शिजला होता."

"काहीतरी बोलले होते खरं अक्साकाल," एक मेंढपाळ म्हणाला, आपली बंदूक कापून घेऊ म्हणणारा तोच. "बंदुकीबद्दल. का मुल्लाबद्दल होतं ते?" तो ओशाळून हसला. "म्हणजे तुम्ही नेहमीच काहीतरी बोलता ना. कसं ध्यानात राहणार?"

लोक हसले. त्या हसण्यात विष असतं तर बेयशेनने ते चवीने प्यायलं असतं. पण तसं काहीच नव्हतं. म्हातारा गमतीशीर आहे, एवढंच होतं. तो सोरोनकडे वळला. निदान हा तरी! हा तर वैरी! सोरोन बाही वर करून मांस वाढत होता. त्याने प्रेमाने मान हलवली. "आत या, अक्साकाल, दार उघडं राहिलंय."

"मला आठवतंय, बाबा." कोपऱ्यातून एल्चिबेक उठून आला, मांडीवरचं पोर जीपारकडे देऊन. तो हळू बोलला, कुणाला ऐकू जाऊ नये असा. "पण राहू द्या. मोकळ्या माळावर तुमचीच चांगली आहे, वेग आहे तिला. उगाच कशाला कापायची? कुणी मागितलेली नाही."

कुणी मागितलेली नाही. सालिकाने नवऱ्याच्या हातातून करवत काढून घेतली आणि चपलांमागे ठेवली. सोरोनच्या बायकोने बंदूक दोन्ही हातांनी धरून नेली आणि पोरांचा हात पोचू नये म्हणून कपाटावर आडवी ठेवली. ती कपाटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली होती.

मग त्याला मानाच्या जागेवर, दारासमोरच्या भिंतीशी नेऊन बसवलं, मागे दोन उशा दिल्या. मुल्लाने तोंड न थांबवता सरकून जागा केली. बोलणं पुन्हा पेट्रोलवर गेलं. सोरोन थाळी घेऊन आला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि सुरीने मांसाचे तुकडे करू लागला. इतरांना दिले होते त्याहून बारीक, लहान मुलाला देतात तसे.

"म्हातारा बोकड होता, चिवट आहे," तो म्हणाला. "तुमच्या दातांना त्रास नको."

थाळी त्याच्या तोंडावर मारावी, असं बेयशेनला वाटलं. ते त्याला इतक्या जोराने वाटलं की हात थरथरला. सोरोनला वाटलं म्हाताऱ्याला थंडी वाजली, म्हणून त्याने त्याच्या खांद्यांवर स्वतःचा कोट टाकला आणि पुढच्या माणसाला वाढायला गेला. बेयशेनने खोलीभर नजर फिरवली. एकाच्या तरी डोळ्यांत आपण सापडू म्हणून पाहिलं. तीस वर्षं या लोकांना तो तुच्छ लेखत आला होता, आणि त्यांच्यापैकी एकालाही त्या तुच्छतेचा पत्ता नव्हता.

पहाटेपासून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं. त्याने एक तुकडा उचलला, मग दुसरा. मांस मऊ होतं, मीठ बरोबर पडलं होतं, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.